पिवळ्या तापाची लस आणि डासांची शंका

बापूकाका: अक्का, चिरंजीवांना कामानिमित्त घानाला जायचे असल्याने पिवळ्या तापाची लस घ्यावी लागणार आहे. या लशीत जिवंत विषाणू असतो असे वाचले. हा रोग डासांमुळेच पसरत असल्याने, लस घेतलेल्या माणसाला चावलेला डास तो विषाणू इतरांपर्यंत पोहोचवणार नाही का?

आत्या: बापू, शंका रास्त आहे, पण तसे होत नाही. लशीतल्या विषाणूचे नाव १७डी. त्याचा पूर्वज १९२७ साली आजच्या घानातच असिबी नावाच्या तरुणाच्या रक्तातून मिळाला, म्हणून त्या वाणाला असिबी म्हणतात. ऱ्हीसस माकडाला टोचल्यास यकृत निकामी करून काही दिवसांत त्याचा जीव घेणारा हा वाण मॅक्स थायलर यांच्या प्रयोगशाळेत आधी उंदराच्या, मग कोंबडीच्या आणि शेवटी मेंदू व मज्जारज्जू काढून टाकलेल्या कोंबडीच्या गर्भाच्या ऊतींत पुन्हा पुन्हा वाढवला गेला, तेव्हा कुठे त्याची धार गेली. १९३७ साली लस तयार झाली आणि १९५१ साली थायलर यांना नोबेल मिळाले.

ताई: आत्या, या दोन वाणांत नेमका फरक किती आहे?

आत्या: आश्चर्य वाटावे इतका थोडा! सुमारे १०,८६२ अक्षरांच्या जनुकीय क्रमात ६८ ठिकाणी बदल आढळले आणि त्यांमुळे प्रथिनांतली ३२ अमिनो आम्ले बदलली. त्यांतले बरेच बदल बाह्य आवरणाच्या प्रथिनात आहेत, आणि पेशीला चिकटण्याचे काम त्याच प्रथिनाचे. सौम्यपणा एकाच बदलावर टांगलेला नाही, ही मला सर्वांत जमेची बाजू वाटते, कारण पुन्हा घातक होण्यासाठी अनेक बदल एकदम उलटावे लागतील. आता डासाविषयी. असिबी डासाच्या आतड्याची भिंत ओलांडून लाळग्रंथींत पोहोचतो, तर १७डी आतड्यापलीकडे सहसा जातच नाही. शिवाय लस घेतलेल्याच्या रक्तात तो अत्यल्प प्रमाणात आणि थोडेच दिवस असतो.

बापूकाका: म्हणजे ही लस कोणीही निर्धास्तपणे घ्यावी?

आत्या: तसे मुळीच नाही. सहा महिन्यांखालील बाळे, प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण, थायमस ग्रंथीचा विकार असलेले आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले यांना ती देत नाहीत. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणाम विरळच, पण तरुणांपेक्षा अधिक दिसतात. तेव्हा तूही सोबत जाणार असशील तर आधी डॉक्टरांशी बोल. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते, हे तिकीट काढताना लक्षात ठेवावे.