विषय: गुडघ्यात पीआरपी, कुणी घेतलंय का?

नमस्कार मंडळी,
गुडघेदुखीसाठी डॉक्टरांनी पीआरपी (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स दाट करून दिलेलं इंजेक्शन) सुचवलंय. आपल्यातल्याच एकांचा कुत्रा त्याने पुन्हा जिने चढू लागला म्हणे. माझ्या मैत्रिणीला मात्र काडीचा फरक पडला नाही. एकाच उपचाराचं असं कसं?

---

ताई,
एकच उपचार नाही, तिथेच तर गोम आहे. पीआरपी तयार बाटलीतून येत नाही, ते ज्याच्या-त्याच्या रक्तातून ऐनवेळी बनतं. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. म्हणजे दोघींचे रिपोर्ट नॉर्मल, तरी एकीकडे तिप्पट कच्चा माल! त्यात वय, मधुमेह, चालू गोळ्या. ॲस्पिरिनने गारद झालेली प्लेटलेट सुधारत नाही. नव्या यायला आठ-दहा दिवस जातात.

मी जनावरांचा डॉक्टर, आमच्याकडे तर हे फरक ढळढळीत दिसतात. घोड्याच्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून झरझर तळाशी बसतात, त्यामुळे रक्त नुसतं उभं ठेवूनही पीआरपी निघतं. पण घोडा बिथरला की प्लीहा आकसते, तिथला तांबड्या पेशींचा साठा रक्तात उतरतो आणि सगळं गणित बदलतं. ग्रेहाउंड कुत्र्याच्या प्लेटलेट्स मुळातच कमी. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीत तर जन्मजात दोषामुळे त्या कमी आणि मोठाल्या. मोजणी यंत्र पुष्कळदा त्यांना तांबड्या पेशी समजून वगळतं. अशा कुत्र्याला पीआरपी बनवायचं माणसाचं किट जसंच्या तसं वापरून काय हाती लागणार?

कुत्र्यावरून मात्र आशा बांधू नका. 2021 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातली चाचणी आली: गुडघ्याच्या संधिवाताचे 288 रुग्ण, अर्ध्यांना पीआरपी, अर्ध्यांना सलाइन, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी. वर्षभराने ना वेदनेत लक्षणीय फरक, ना कूर्चेत. त्यातलं पीआरपी पातळ, म्हणजे कमी प्लेटलेट्सचं होतं, अशी टीका झाली. मला ती पटते, पण दाट पीआरपीने गुण येतोच, हे त्यातून सिद्ध होत नाही.

---

काका, मी रोज ॲस्पिरिन घेते. बंद करू?

---

मनाने मुळीच नको! हृदयासाठी दिलेली असेल, विशेषतः स्टेंट असेल, तर गुडघ्यापायी ती थांबवणं महागात पडेल. आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. आयबुप्रोफेनचं वेगळं, ते शरीरातून गेलं की प्लेटलेट्स पूर्ववत होतात.
आणि इंजेक्शन देणाऱ्यांना एवढं विचारा: रक्तातल्या आणि सिरिंजमधल्या, दोन्हीकडच्या प्लेटलेट्स मोजणार का? नाही म्हणाले तर मी तरी पैसे भरणार नाही.