मदत हवी आहे: मूर (ओक्लाहोमा), घराचा विमा ५,६४० डॉलर. स्वस्तातलं कोटेशन घ्यावं का?

अंगणवेल:
मंडळी, आम्ही मूरला राहतो, ओक्लाहोमा सिटीच्या दक्षिणेला. २० मे २०१३ च्या टोर्नेडोत २४ माणसं गेली, ते हेच गाव. आमचं घर २०१५ चं, म्हणजे गावाने बांधकामाचे नियम कडक केल्यानंतरचं (ताशी १३५ मैलांचा वारा सोसेल असं घर, गॅराजचं दारही त्याच मापाचं). त्यामुळे विमावाले आपल्याला जरा सांभाळून घेतील अशी भाबडी समजूत होती.

विम्याचा वर्षाचा हप्ता गेल्या वर्षी ४,१८० होता, यंदा ५,६४०. विमा एस्क्रोतून जातो (म्हणजे कर्जाच्या हप्त्यासोबतच पैसे घेऊन बँक तो भरते), त्यामुळे घराच्या कर्जाचा मासिक हप्ता एकदम वाढला तेव्हाच लक्षात आलं. आता एका एजंटने दुसऱ्या कंपनीचं ४,२०० चं कोटेशन दिलंय. फरक दोन. वारा-गारांचं डिडक्टिबल (नुकसानीतला आपल्या खिशातून जाणारा वाटा) १ ऐवजी २ टक्के, आणि छपराचे पैसे घसारा वजा करून. घराची विमा रक्कम दोन्हीकडे ३,४०,००० आहे. नवरा म्हणतो घेऊन टाक, वर्षाला १,४४० वाचतात.

क्लेमचा इतिहास एवढाच: दोन वर्षांपूर्वी लिंबाएवढ्या गारा पडल्या. अ‍ॅडजस्टर (नुकसान तपासणारा विमा कंपनीचा माणूस) आला, छपरावर खडूने दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखला, आत गारांचे फटके शोधून एकेकाभोवती गोल काढले. भरले सात. एवढ्यावर छप्पर बदलून मिळत नाही, म्हणाला आणि शिडी गाडीवर बांधून गेला. एक छदामही मिळाला नाही, गोल मात्र पुढचा पाऊस येईपर्यंत रस्त्यावरून दिसत होते. आई निफाडची. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे पंचनामा होऊनही काही नाहीच ना? मग आमच्यासारखंच की!"

कुणी असा बदल केलाय का?

टल्साकर:
टक्का ऐकायला एवढासा वाटतो, पण तो नुकसानीवर नसतो, घराच्या विमा रकमेवर असतो. तुमचे २ टक्के म्हणजे ६,८०० डॉलर. छप्पर १८,००० चं धरा. दहा वर्षांचं झालंय, आयुष्य वीस वर्षं धरलं तर निम्मं घसाऱ्यात गेलं, उरले ९,०००. त्यातून ६,८०० गेले की हातात २,२००. जुन्या पॉलिसीत पूर्ण बदली खर्च (घसारा न कापता नव्या छपराचे पैसे) असेल तर १८,००० वजा ३,४००, म्हणजे १४,६००. हा १२,४०० चा खड्डा १,४४० च्या बचतीने भरायला साडेआठ वर्षं लागतील. तेवढ्या काळात मूरला मोठ्या गारा पडणार नाहीत यावर पैज लावाल का?

टोर्नेडोचीच भीती सगळे घालतात, पण आपल्याकडे वर्षानुवर्षं विमा महाग करतात त्या गाराच. टोर्नेडो एका पट्ट्यातून जातो, गारा अख्ख्या गावाची छपरं फोडतात.

केळफूल:
सहमत. शिवाय पैसे न मिळालेला क्लेमसुद्धा रेकॉर्डवर राहू शकतो, म्हणून कोटेशन मागताना तो लपवू नका.

छप्पर बदलायची वेळ आलीच तर 'फोर्टिफाइड' (वादळ-वाऱ्याला टिकेल अशा ठरलेल्या मानकाचं) करून घ्या. राज्याच्या विमा खात्याची 'स्ट्रेंग्थन ओक्लाहोमा होम्स' नावाची योजना आहे, १०,००० डॉलरपर्यंत अनुदान. आधी मंजुरी आणि तपासनीस, मग काम. खालच्या फळ्या कशा ठोकल्या याचेही फोटो लागतात, ते नंतर कुठून आणणार? गारपिटीनंतर दारावर येणाऱ्या रूफरच्या कागदावर तिथल्या तिथे सही नको.

अंगणवेल:
टल्साकर, तुमचं वाचून नवऱ्याने कॅल्क्युलेटर खाली ठेवला. पण जुन्या पॉलिसीत पूर्ण बदली खर्च "असेल तर" लिहिलंत, म्हणून आत्ता कागद काढले. गेल्या रिन्यूअलच्या अकराव्या पानावर छपराचं एक कोष्टक आहे: वय इतकं तर पैसे इतके टक्के. दहा वर्षांसमोर ५०. म्हणजे आमचीही पॉलिसी घसाऱ्याचीच झालीये आणि आम्हाला पत्ता नाही! हप्ता मात्र पूर्ण छपराचा भरल्यासारखा भरतोय.

टल्साकर:
मग हिशोबच पालटला. आत्ता गारा पडल्या तर जुनीकडून ५,६००, नवीकडून २,२००. फरक ३,४००, तो अडीच वर्षांच्या आत वसूल होतो. तरी लगेच उडी मारू नका. दोन्हीकडे एकच विचारा: छपराला पूर्ण बदली खर्च परत लावून दिला तर किती, आणि ते ईमेलवर मागा. आणि हे या आठवड्यात करा. मे चालू आहे. टोर्नेडो वॉच (टोर्नेडो येऊ शकतो असा हवामान खात्याचा इशारा) लागला की बहुतेक कंपन्या नवी पॉलिसी देणं तेवढ्यापुरतं थांबवतात.

अंगणवेल:
दोघांनाही ईमेल टाकले. उत्तर आलं की इथेच लिहिते. नवरा आता बाकीची दहा पानं वाचतोय.