मदत हवी आहे: 'थीइझम' आणि 'डीइझम'साठी वेगवेगळे मराठी शब्द

परळला अकरावीच्या मुलांसाठी ग्रीक 'थिऑस' म्हणजे देव, या धातूवरून आलेल्या इंग्रजी शब्दांचं एक पान करतेय. बरंचसं जमलंय. थिऑलॉजी, पॅन्थिऑन सोपे गेले. 'एन्थुझिअ‍ॅझम'च्या पोटातही देव बसलाय (मूळ अर्थ अंगात देव संचारणं), हे ऐकून मुलं खूश. थिओडोर आणि डोरोथी म्हणजे तेच दोन तुकडे उलटसुलट, अर्थ 'देवाची देणगी'. थोडक्यात, आपला देवदत्त!

अडलंय ते पुढे. 'थीइझम'ला मी ईश्वरवाद लिहिलं. 'डीइझम' मात्र लॅटिन 'देउस'वरून, आणि अर्थही वेगळा: देवाने जग घडवलं, पण पुढे त्यात तो हात घालत नाही. दोन इंग्रजी-मराठी कोश पाहिले, दोन्हींत दोघांना ईश्वरवादच. मोल्सवर्थचा कोश मराठी-इंग्रजी, म्हणून इथे कामाचा नाही. मी 'अलिप्त-ईश्वरवाद' असं जोडून पाहिलं, पण ते मलाच घरगुती वाटतं.

'एथीइस्ट'ला नास्तिक लिहायचं टाळलंय, कारण आपल्याकडे वेद न मानणाराही नास्तिक. सांख्य तत्त्वज्ञ निरीश्वर (ईश्वर न मानणारे) असूनही आस्तिकांत मोजले जातात. तिथे निरीश्वरवादी ठेवलाय. अ‍ॅग्नॉस्टिकला अज्ञेयवादी आहेच, तो नको.

मुलं मराठी माध्यमाची, पान शनिवारी छापायला जाणार, शब्द एका दमात वाचता यायला हवा. 'डीइझम'साठी तत्त्वज्ञानाच्या मराठी पुस्तकांत रुळलेला शब्द कोणता, आणि तो तुम्ही नेमका कुठे वाचलात?