गिट्टीखदान ते हिंगणा एमआयडीसी सायकलने: चढासाठी कोणता गिअर?

मदत हवी आहे. नागपुरात सेमिनरी हिल्स, फुटाळा, अंबाझरी मार्गे जायचंय, एका बाजूने अंदाजे 14 किमी. अंतराची चिंता नाही, चढाची आहे. पुढे पेडलपाशी 42 दातांची एकच चेनरिंग (दातेरी चकती), मागच्या चाकावर 14-28 सात-स्पीड फ्रीव्हील (14 ते 28 दातांच्या सात चकत्या). म्हणजे सर्वात हलका गिअर 42 भागिले 28, म्हणजे 1.5; आकडा जितका कमी, तितका चढ सोपा. पाठीवर लॅपटॉप असला की गुडघ्यांवर जोर येणारच.

मागे सर्वात मोठी चकती 34 दातांची लावली तर 1.24 मिळतो, पण माझ्या डिरेलरचा (गिअर बदलणारा भाग) केज, म्हणजे चेन ताणणारा दांडा, आखूड आहे; त्याची पुली (छोटं चाक) त्या चकतीला घासेल. लांब केज आणि लांब चेन घ्यावी लागेल. क्रँकचं (पेडलचा दांडा) बोल्ट सर्कल, म्हणजे चेनरिंगच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, 110 मिमी आहे; त्यावर 34 दातांची चेनरिंग बसते, म्हणून पुढेच 34 बसवून चेनच्या चार कड्या कमी केल्या तर? सपाटीवर वेग घटेल, ते चालेल. सीताबर्डीत असे सुटे भाग मिळतात का? आणि मे महिन्यात परतीला, पारा चाळिशीपार असताना, कोणी रोज जातं का?