चालू स्थितीतील जुना टीव्ही, व्हीसीआर आणि संगणक कोठे द्यावेत? (देवगड तालुका)

नमस्कार.

पावसाळ्यापूर्वी कौले परतून घ्यायची असल्याने आमच्या घराचा माळा रिकामा करताना २१ इंची जुना रंगीत टीव्ही, व्हीसीआर, टू-इन-वन आणि जाड मॉनिटरचा, विंडोज एक्सपीवर चालणारा संगणक खाली उतरवला. खाऱ्या हवेने सर्वांचे स्क्रू गंजले आहेत, तरी चारही वस्तू सुरू होतात. टू-इन-वन मात्र घरातच राहील, कारण बाबांच्या आवाजातील भजनांच्या कॅसेट आई त्यावरच ऐकते.

टीव्ही आणि मॉनिटर भंगारात देण्यास माझे मन तयार नाही. गेल्या वर्षी कोणीतरी तांब्याच्या तारेसाठी फोडलेली पिक्चर ट्यूब वाडीच्या व्हाळात टाकली होती आणि ती काच वेचताना माझ्या भावाचा हात कापला. या काचेत शिसे असते, आतल्या बाजूस रासायनिक भुकटीचा थर असतो, आणि आमचा व्हाळ ज्या खाडीला मिळतो, तिथे ओहोटीला वाडीतल्या बायका कालवे काढायला उतरतात. सेट टॉप बॉक्स जोडल्यास टीव्हीवर चित्र अजूनही स्वच्छ दिसते, त्यामुळे कोणी वापरणार असेल तर उत्तमच. अन्यथा ट्यूब न फुटता योग्य ठिकाणी पोहोचावी, एवढीच इच्छा आहे.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रण करणाऱ्यांना आणि जुन्या वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, हे वाचले. टीव्हीच्या कंपनीला फोन केला असता, घरून उचलण्याची सोय फक्त मोठ्या शहरांत असल्याचे सांगण्यात आले. कणकवली, कुडाळ किंवा रत्नागिरी येथे अशा वस्तू कोणी स्वतः नेऊन दिल्या आहेत का? कोणाकडे दिल्या, आणि त्यांनी पोच दिली का?

व्हीसीआरबद्दल वेगळी विनंती आहे. नवे व्हीसीआर बनणे २०१६ मध्येच थांबले, त्यामुळे लग्नाच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून देणाऱ्या एखाद्या फोटो स्टुडिओला तो निश्चितच उपयोगी पडेल. असा स्टुडिओ माहीत असल्यास कृपया कळवावे.

संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये घरची कागदपत्रे आहेत. नुसत्या फाइल पुसल्याने त्या खरोखर नाहीशा होत नाहीत, म्हणून डिस्क काढून घेऊन उरलेला संगणक द्यावा असे वाटते. तसा तो कोणी स्वीकारेल का?

पैशांची अपेक्षा नाही. रत्नागिरीपर्यंत गाडीने पोहोचवण्याची माझी तयारी आहे, फक्त ते मे महिन्यातच व्हायला हवे.