नववीपासून मुलीला घरी शिकवावं का? (राजापूर-रत्नागिरी किनारा)

सड्यावरची आई:
मुलगी आता नववीत जाईल. जूनपासून तिला शाळेत न पाठवता घरीच शिकवावं, असा आमचा विचार जवळजवळ पक्का झाला आहे. विरोधी मतं ऐकायची आहेत म्हणून धागा काढते आहे.

आमच्या वाडीत बारावी झालेलं पोर गावात राहत नाही. रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे, मुंबई, जिथे जमेल तिथे जातं. मग गणपतीला आणि शिमग्याला येतं ते चाकरमानी होऊन. म्हणजे मुलगी आमच्याजवळ आणखी फार तर चार वर्षं आहे. ती वर्षंही सकाळची एसटी, शाळा, परतीची एसटी, क्लास आणि रविवारची सराव परीक्षा यांतच जाणार. एका घरात राहून आमची गाठ पडते ती रात्रीच्या जेवणाला, तेव्हाही तिचे डोळे मिटत असतात.

दिवाळीच्या सुट्टीत सासऱ्यांनी तिला पडवीवर बसून भरतीचा हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं. पोरीने कागद घेतला आणि म्हणाली, आजोबा, पंधरवड्यात भरती बारा तास सरकायला हवी, तुमच्या हिशेबाने सव्वाअकराच होतात, मग उरलेला पाऊण तास गेला कुठे? त्यावर आम्ही सगळे तासभर बोलत बसलो. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, आजोबांचा हिशेब तोंडी करायला सोपा जावा म्हणून ४५ धरतो. हे तिचं तिने शोधलं. असे तास मला हवे आहेत, आणि ते फक्त सुट्टीत नको आहेत.

परीक्षेचं पाहून ठेवलं आहे. एनआयओएस, म्हणजे १९८९ साली सुरू झालेली केंद्राची मुक्त विद्यालयी संस्था. दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि एका नोंदणीवर पाच वर्षं मिळतात. मराठी माध्यमही आहे. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाचा, ती वयोमर्यादा तिने ओलांडली आहे.

खडू-फळा:
ताई, मी याच पट्ट्यातल्या हायस्कूलवर शिक्षक आहे. माझा ठाम विरोध आहे.

३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, आणि त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. कोकणात आधीच मुलं कमी. तुमच्यासारखी शिकलेली, वेळ देऊ शकणारी घरं मुलांना काढू लागली की एखादं पद जातं. ते बहुतेक वेळा विज्ञानाचं किंवा गणिताचं असतं. मग ज्यांच्या घरी पाऊणपट शिकवणारे आजोबा नाहीत त्या मुलांनी काय करायचं? दहावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. ते काही हवेतून होत नाही, लहान लहान शाळांतून होतं.

शिवाय आपल्याकडे वाड्या वेगळ्या आहेत हे आपण सगळे जाणतो. खारवीवाडी, कुणबीवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला. चौदा-पंधरा वर्षांची मुलं एका बाकावर बसतात, एकमेकांच्या डब्यातलं खातात, ती जागा गावात शाळेशिवाय दुसरी कुठली आहे? तुम्हाला हवेत त्या तासांच्या आठवणी घरातल्या घरातल्या. माणसाला घराबाहेरच्याही आठवणी लागतात.

हर्णैचा तांडेल:
गुरुजी, पटाचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण पट राखायची जबाबदारी पोरांवर टाकू नका.

माझा मुलगा गेल्या वर्षापासून घरी शिकतो. कारण सांगतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, बाप घरी. नेमकी तेव्हाच शाळा सुरू होते. मी समुद्रात असतो तेव्हा त्याला सुट्टी. शाळेचं वेळापत्रक कोणाच्या तरी घराला जुळत असेल, आमच्या घराला कधी जुळलं नाही. आता पावसाळ्यात आम्ही बापलेक सकाळी जाळं घेऊन बसतो, तो आसाचं, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं, माप वहीत लिहितो, दुपारी पुस्तक उघडतो. यंदा वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला नेलं. अंड्यातून पिल्लू यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, आणि वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, हे तिथे कळल्यावर तो घरी येऊन आठवडाभर आमच्या अंगणातल्या वाळूचं तापमान मोजत होता.

अडचणीही सांगतो. अभ्यासकेंद्र लांब आहे. प्रात्यक्षिकं असलेला विषय घेतलात तर फेऱ्या होतात. आणि इंग्रजी शिकवणारं माणूस आम्हाला गावात मिळालेलं नाही.

खाडीपलीकडची:
मला एक गोष्ट खटकते आहे. तांडेलदादांचा मुलगा आहे. सड्यावरच्या ताईंची मुलगी आहे. आपल्या घरांत या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

मुलगी घरी आहे म्हटलं की आल्यागेल्याचा चहा तिच्याकडे. आजीचं औषध तिच्याकडे. मार्चपासून आंब्याच्या पेट्या भरायला माणूस कमी पडला की, ती घरीच आहे ना, बस जरा. कोणी वाईट हेतूने करत नाही, तरी होतं. माझ्या धाकट्या आत्याची दहावी अशीच राहिली, त्या काळी तर घरी शिकवणं असा शब्दही नव्हता. शाळेचा गणवेश अंगात असतो तेवढे तास मुलीला कोणी हाक मारत नाही. तुम्ही ते तास काढून घेता आहात. ते परत कसे देणार, हे ठरवलं आहे का? आणि तिला विचारलंत का?

सड्यावरची आई:
विचारलं. तिला घरी शिकायचं आहे, पण कबड्डीचा संघ आणि दोन मैत्रिणी सोडायच्या नाहीत. संघ शाळेचा असल्यामुळे तिथेच आमचं अडलं आहे.

कामाचं तुम्ही म्हणता ते पटलं. सकाळी नऊ ते एक तिला अभ्यासावरून कोणी उठवायचं नाही, पाहुणे आले तरी, असं सासूबाईंसमोरच ठरवून घेते.

गुरुजी, बाकाबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर माझ्याकडे सध्या उत्तर नाही. पण आमच्या पोरीच्या वर्गात मधल्या सुट्टीतही बहुतेक मुली क्लासचा गृहपाठ पूर्ण करत असतात. डबा बाकावर उघडतात, पण बोलायला वेळ कोणाला असतो?

जांभा:
मग तुमचं भांडण शाळेशी नाहीच, क्लासशी आहे! तो बंद करा.

आम्ही तेच केलं. मुलगा शाळेत जातो, संध्याकाळ आमची. मे महिन्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कातळशिल्प पाहायला गेलो. जांभ्यात कोरलेला भलामोठा हत्ती, आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी. मुलगा एका टोकाला दोरी धरून उभा, मी दुसऱ्या टोकाला, बायको आकडे लिहिते आहे. उन्हाने पाय भाजत होते तरी निघायला तयार नाही. ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, हे त्याने शाळेत वर्गासमोर सांगितलं, तेव्हा आणखी मुलं आपापल्या सड्यावर शोधायला निघाली. घरी शिकत असता तर हे त्याने कोणाला सांगितलं असतं?

हर्णैचा तांडेल:
जांभादादा, तुम्हाला संध्याकाळ मिळते, कारण तुम्ही संध्याकाळी घरी असता. मी त्या वेळी समुद्रात असतो.

खडू-फळा:
क्लास बंद करा, याला माझा दुजोरा. शिक्षक असून सांगतो, नववीच्या मुलाला वर्गात नीट लक्ष दिलं तर क्लासची गरज नसते.

ताई, शाळा सोडल्याचा दाखला जूनमध्ये काढू नका. आधी मुख्याध्यापकांशी बोला. मुलीला पहिलं सत्र शाळेत काढू दे, क्लास बंद ठेवून. दिवाळीत तुम्हाला हवे ते तास मिळाले की नाही ते तुम्हालाच कळेल. नाहीच मिळाले तर पुढचा मार्ग आहेच, एनआयओएस नाही तर आपल्या मंडळाचा १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म. माझं मत मात्र बदललेलं नाही.

सड्यावरची आई:
पहिलं सत्र म्हणजे पावसाळा आणि गणपती, वर्षातले घरात बसायचे सगळ्यात चांगले दिवस. तेच द्यायला माझं मन तयार नाही. पण कबड्डीच्या स्पर्धाही त्याच महिन्यांत असतात, असं मुलगी मागून सांगते आहे. क्लासची फी अजून भरलेली नाही, ती भरत नाही एवढं आज ठरलं. दाखल्याचं रविवारी सगळे घरी असताना बोलू, तिच्या बाबांना आणि आजोबांना धरून.

तांडेलदादा, मराठी माध्यमाची पुस्तकं तुम्हाला वेळेवर मिळाली का, तेवढं कळवा.