दोन शिंगं म्हणजे आफ्रिकेशी सोयरीक?

रानवाट: सुमात्राच्या गेंड्याला दोन शिंगं, आफ्रिकेतल्या दोघांनाही दोन. उघड आहे, हे एकाच घरातले. भारताचा आणि जावाचा एकशिंगी ही वेगळीच प्रजाती.

जीवाश्मवेडा: शिंगं मोजून नातं लावायचं तर शेळीही आफ्रिकी गेंड्याची चुलत बहीण लागेल! २०२१ साली नामशेष आणि आजच्या गेंड्यांचे जीनोम ताडून पाहिले गेले. आफ्रिकी शाखा साधारण १.६ कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. सुमात्राचा गेंडा एकशिंग्यांच्या बाजूचा. त्याला एकशिंग्यांहूनही जवळचा हिमयुगातला लोकरी गेंडा, आणि त्यालाही दोनच शिंगं. म्हणजे दोन शिंगं हा जुना वारसा असावा, एकशिंग्यांनी मागचं गमावलं.

रानवाट: मग इतकी वर्षं हाडं बघून लोक भांडले ते काय वेडे होते?

जीवाश्मवेडा: नव्हते. फाटे इतके लागोपाठ फुटलेत की जनुकंही एकमुखाने बोलत नाहीत. एवढं तुमचं मान्य.

शुद्धमती: आधी ते 'प्रजाती' सुधारा. प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट; जाती म्हणजे स्पीशीज. डायसेरोऱ्हायनस ही प्रजाती, सुमात्रेन्सिस ही जाती. शाळेत मी हेच लिहिलं तर बाईंनी गुण कापला, म्हणे दोन्ही एकच! अजून विसरले नाही.

रानवाट: जगात सुमात्राचे पन्नासही गेंडे उरले नाहीत आणि ताई 'प्र' मोजतायत.

शुद्धमती: मोजणारच. चितगावजवळ पकडलेली, कानांवर लांब केस असलेली मादी १८७२ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आली, तिच्यावरून 'लॅसिओटिस' ही वेगळी जाती ठरली. पुढे तिची उपजाती झाली. बोर्निओचा 'हॅरिसोनी'ही उपजाती. आता या नावांनी काय होतं ते बघा. बोर्निओ आणि सुमात्राच्या गेंड्यांची एकत्र पैदास करावी की उपजाती शुद्ध ठेवाव्यात, यावर वर्षानुवर्षं काथ्याकूट झाला. मलेशियातला शेवटचा नर टाम आणि शेवटची मादी इमान, दोघंही बोर्निओचेच, २०१९ मध्ये गेले. वर्गीकरण म्हणजे नुसतं शुद्धलेखन वाटतं का तुम्हाला?

जीवाश्मवेडा: खापर एकट्या वर्गीकरणावर नको. इमानच्या गर्भाशयात गाठी होत्या, पिल्लू कुठून होणार? पण वाद घालण्यात वेळ गेला हे खरं.

रानवाट: बरं बाबा, आफ्रिकेची सोयरीक मोडली. पण ही प्रजाती वाचली पाहिजे, एवढं तरी म्हणू द्याल?

शुद्धमती: जाती.